भिंतीवरची माया

“माया सोड, वच्छले. काठोकाठ कापू नको. माया नाई ठेवली तं उसवल्यावर जोडाले काईच राहत नाई.”

माझी माय जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण कात्री हातात घेतली की आधी तिचा आवाज येतो, मग कापड. शिवणीच्या आत बोटभर जास्तीची पट्टी दुमडून राहते, बाहेरून दिसत नाही. त्या पट्टीला माय माया म्हणायची. सगळेच शिंपी म्हणतात. मी तान्ह्या बाळांची झबली शिवते, जुन्या मऊ लुगड्यांची. झबल्याला माया जरा जास्तच सोडावी लागते, कारण बाळ महिन्याभरात वाढतं.

शिवण हे फावल्या वेळचं. पोटाचं काम म्हणजे मुलचेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खाजगी दवाखान्यात मी आया आहे. बाळंतपणाचा दवाखाना. मुलचेऱ्याच्या बाजूच्या बंगाली वस्त्यांतून बाया येतात, खालून सिरोंच्याकडच्या तेलुगू बोलणाऱ्या येतात, जंगलातल्या गावांतून गोंड बाया येतात, आणि आमच्या गावच्या तर असतातच. सगळ्यांचं ओरडणं सारखं असतं. ओरडून झालं की मग आपापल्या भाषेत रडतात.

दिवाळीनंतर डॉक्टरसाहेबांनी रस्त्याकडची भिंत रंगवायला काढली. जहीरभाई पेंटरला बोलावलं. आई आणि बाळाचं चित्र, आणि त्याखाली एकच शब्द, हातभर उंचीचा. माया. नागरीत, बंगालीत आणि तेलुगूत. मराठी-हिंदीचं एकातच भागलं. ही अक्कल सुनिलभाऊची. सुनिलभाऊ म्हणजे डॉक्टरांचा साळा आणि दवाखान्याचा मॅनेजर. गालात कायम खर्रा, सुपारी-तंबाखूचा. बोलताना तो मान वर करून बोलतो, थुंकी सांडू नये म्हणून.

“एकच शब्द, साऱ्या भाषेत चालते,” तो म्हणाला. “असा शब्द भेटत नाई, बाई. पेशंट पाहीन तं त्याले वाटलं पाहिजे, आपलंच घर आहे.”

जहीरभाई शिडीवरून म्हणाले, “चलता तो है भाऊ, पर सब जगह एक जैसा नहीं चलता. हिंदीवाला पढ़ेगा तो बोलेगा, माया मतलब दौलत. या फिर धोका. हमारे में भी सरमाया बोलते, मतलब पूँजी.”

“मंग चांगलंच आहे नं,” सुनिलभाऊ हसला. “दौलत तं पाहिजेच.”

मी खाली फरशी पुसत होते. मी बोलत नाही फारशी. सकाळी अंघोळ, तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, आणि मगच तोंडातून पहिला शब्द, असा माझा बावीस वर्षांचा नेम आहे. उशिरा सुरू झालेलं बोलणं दिवसभर कमीच राहतं. पण त्या दिवशी मनात आलं, खरंच, मराठीत तरी हा शब्द एक आहे का? माया लावली की जीव, जमवली की पैसा, सोडली की कापड. शब्द तोच, त्याला अनेकवचनसुद्धा नाही, पण शेजारी क्रियापद बदललं की माणूस बदलतो. मायाळू म्हटलं की माझी माय डोळ्यापुढं येते. मायावी म्हटलं की राक्षस.

त्याच आठवड्यात शेफालीमावशी लेकीला घेऊन आल्या होत्या, बंगाली वस्तीतल्या. लेक कळांनी ओरडत होती आणि सुनिलभाऊ दारातून तिच्यावर खेकसला, “आवाज कमी! दुसरे पेशंट आहेत इथी!” शेफालीमावशी उठल्या, बाहेरच्या भिंतीकडं बोट दाखवून म्हणाल्या, “ओखाने लिखेछो, तोमार माया होय ना?” तिथं लिहिलंस, तुला दया येत नाही? त्यांच्यात माया करायची नसते, ती होते, आपोआप, भूक लागावी तशी. ज्याला होत नाही त्याला विचारतात, का होत नाही. सुनिलभाऊ बाहेर आला आणि त्याच भिंतीवर पचकन थुंकला. लाल ओघळ तेलुगू अक्षरांवरून खाली आला.

मला शिसारी आली. पण मी फडकं घेतलं आणि पुसलं. माझं कामच ते.

भिंतीच्या पुढच्या बाजूला हे. मागच्या बाजूला काय आहे ते आता सांगते. मागं पत्र्याचं शेड आहे. बाळंतपणातलं सगळं, बाळामागून पडणारी वार, रक्ताचे बोळे, पट्ट्या, पिवळ्या पिशव्यांत बांधून तिथं ठेवायचं आणि गाडी येऊन घेऊन जाईल असा नियम. गाडी यायला हवी एक दिवसाआड. ती येते आठवड्याला, कधी दहा दिवसांनी. शेडला दार होतं, त्याची कडी तुटली ती तुटलीच. कुत्री पिशव्या ओढतात. एकदा सकाळी तुळशीला पाणी घालून मी कामावर येत होते, मनात अध्यायाच्या ओव्या चालू होत्या, आणि रस्त्याच्या कडेला एक कुत्रं काहीतरी ओढत होतं. मी ओळखलं काय ते. जिच्या पोटात नऊ महिने ते होतं, ती बाई आत खाटेवर झोपली होती. मी त्या दिवशी दोनदा ओकले. डॉक्टरसाहेबांना हळू आवाजात सांगितलं. ते म्हणाले, “सुनिलला सांगा.” सुनिलभाऊला सांगितलं. तो म्हणाला, “बाई, तुमी पोथी वाचा.”

बुधवारी सम्मक्का आली. आलापल्लीच्या पलीकडच्या गावची, माहेर नदीपार तेलंगणात. नवरा मिरची तोडायला गेलेला, म्हणून सोबत सासू, पोसक्का. सम्मक्का तिकडे शाळा शिकलेली, तेलुगू वाचते. रिक्षातून उतरली, पोटावर हात, आणि भिंत पाहून कळा विसरून हसायला लागली. सासूला काहीतरी सांगितलं. पोसक्काही पदर तोंडाला लावून हसली.

“काऊन हासून राह्यल्या?” मी विचारलं.

सम्मक्का मोडक्या मराठीत म्हणाली, “बाई, तुमच्या लोकांनी भिंतीवर वार लिवली! एवढी मोठी!”

तेव्हा मला कळलं. त्यांच्यात वारेला माया म्हणतात. शेवटचा ‘या’ आखूड असतो, ‘माय’ आणि ‘माया’च्या मधोमध कुठंतरी. बाळ झालं की सुईण विचारते, “माया पडिंदा?” पडली का? आणि फसवणुकीलाही तोच शब्द, आणि एखादी वस्तू दिसेनाशी झाली तर म्हणतात, मायम झाली. सम्मक्कानं हे सगळं खाटेवर बसून, दोन कळांच्या मधल्या वेळात सांगितलं. हसतच सांगत होती. नंतर एकदम थांबली.

“माझे दोन गेले, बाई,” ती म्हणाली. “पहिला चार दिवसांचा. दुसरी पंधरा दिवसांची. दोन्ही वेळी मोठ्या दवाखान्यात होती मी. दोन्ही वेळी माया परत नाई भेटली.”

पोसक्कानं पिशवीतून कापडात गुंडाळलेलं नवं गाडगं काढलं. लाल मातीचं, झाकणाचं, आत हळद आणि चिमूटभर तांदूळ. त्यांच्यात रीत अशी की बाळ होईल त्या दिवशी, सूर्य बुडायच्या आत, माया घराच्या उंबऱ्याबाहेर पुरायची. मग बाळाला कळतं की आपलं घर कोणतं. नाहीतर बाळ आपली माया शोधत राहतं आणि एके दिवशी निघून जातं. डॉक्टर याला काय म्हणतील मला माहीत आहे. ही रीत मलाही आधी माहीत नव्हती. पण दोन लेकरं पुरलेली बाई समोर बसून सांगते तेव्हा खरं-खोटं विचारायचं नसतं.

“तू देशील, अक्का?” पोसक्कानं गाडगं माझ्या पुढं धरलं. “ते मॅनेजर देत नाई म्हणते. तू देशील?”

“देईन,” मी म्हणाले. “माझ्या हातानं घालून देईन.”

खोटं बोलायचं नाही हाही माझा नेम आहे. मी गाडगं प्रसूतीच्या खोलीत फडताळावर नेऊन ठेवलं.

बाळ झालं गुरुवारी, सकाळी दहाला. मुलगा. रडला तो असा की रस्त्यावरून जाणारी सायकल थांबली असेल.

आणि गुरुवार माझा उपवासाचा. गुरुवारी मी प्रसूतीच्या खोलीतल्या कशालाही शिवत नाही, संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत. दिव्यानी नावाची दुसरी आया आहे, तरुण, तिच्याशी माझी अदलाबदल असते. गुरुवारी ती आतलं करते, मी कपडे धुते, चहा करते. त्या दिवशीही मी दाराशी उभी होते, उंबऱ्याच्या बाहेर. आत तसराळ्यात ती माया होती, काळपट लाल, वाफाळती. मी पाहिलं आणि नजर वळवली. अंगावर शहारा आला, हे खरं लिहिते. विटाळ, सोवळं, उपवास ही सगळी नावं मी नंतर दिली. आधी आली ती किळस.

“दिव्यानी,” मी म्हणाले, “ते फडताळावरच्या गाडग्यात घाल. पोसक्काबाईले द्यायचं आहे. विसरू नको.”

“हो हो बाई,” ती म्हणाली. तिच्या हातात बाळ होतं.

मी कपडे धुवायला गेले. साडेबाराला पोसक्का मला दारात भेटली. गाडगं छातीशी धरलेलं, झाकण कापडानं घट्ट बांधलेलं. सुनेला बाळासोबत दिव्यानीच्या भरवशावर ठेवून ती एकच्या गाडीनं निघाली होती. तिनं माझ्या पायांना हात लावला. म्हातारी बाई माझ्या पाया पडली. मी तिला उठवलं आणि मनात देवाचं नाव घेतलं, की सुटलं, झालं एकदाचं.

अडीचला मी सुनिलभाऊला चहा दिला. दिव्यानीही तिथं होती. सुनिलभाऊ फार खुशीत होता.

“वच्छलाबाई, त्या बुढीनं पाया पडल्या म्हणे तुमच्या!”

मी किटली खाली ठेवली.

“माया देली तुमी, माया!” तो हसला. “भिंतीवर लिवलीच आहे आपण.”

दिव्यानी खाली पाहत होती. मला तिचं खाली पाहणं आवडलं नाही.

“सुनिलभाऊ,” मी म्हणाले, “गाडग्यात काय आहे?”

“काऊन? जे पाहिजे ते आहे.”

“काय आहे?”

“बाई, तुमी गुरुवारच्या दिवशी हे काय विचारून राह्यल्या?” मग त्याला राहवलं नाही, सांगायची खुमखुमी होतीच. “कापूस आहे. रक्तातले चार बोळे, खाली जरा चिंध्या, वजन यावं म्हणून. त्या बुढीले काय समजते? तिनं उघडून थोडीच पाहायचं आहे, गाडायचं तं आहे. असं घरी देलं तं नियमात बसते काय? उद्या कोणी तपासाले आलं तं तुमी जाल काय जेलात?”

आणि तो खरंच हसला, खर्रा दाताआड धरून, मान वर करून. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाल धार उतरली. ती त्यानं तळहातानं पुसली आणि त्याच हातानं चहाचा कप उचलला. मी आयुष्यात रक्त पाहिलंय, पू पाहिलाय, मेलेली लेकरं फडक्यात बांधली आहेत. इतकं घाण मी काही पाहिलं नव्हतं. ज्याला नियम आठवला, त्याला शेडची कडी आठवली नाही. कुत्र्यानं नेलं तर चालतं.

“आणि खरी?” मी विचारलं.

“मागं,” दिव्यानी हळूच म्हणाली. “पिवळ्या पिशवीत. बाई, मी गाडग्यात घालून राह्यली होती, यायनं हातून घेतलं…”

“तू चूप,” सुनिलभाऊ म्हणाला.

मी उठले. मागं गेले.

पोसक्काचा फोन लावून पाहिला. लागला नाही. आलापल्लीच्या पुढं गाडी गेली की रेंज संपते. आणि लागला असता तरी काय सांगणार होते? की तू छातीशी धरलेलं गाडगं म्हणजे थुंकी आहे?

शेडपाशी दुपारचं ऊन. माश्यांचा आवाज आधी आला, मग वास. सात पिशव्या होत्या. दोन फाटलेल्या. मी पदर नाकाला लावला आणि मग काढला. जिला मी स्वतःच्या हातानं देईन म्हणाले होते, तिच्या वस्तूपुढं नाक झाकायचा हक्क माझा नव्हता. सकाळीच दहा वाजता मी हात आखडला होता. सुनिलभाऊनं फसवलं ते खरं, पण त्याच्या हाती ते पडलं कारण मी दाराबाहेर उभी राहिले. देवानं मला सांगितलं नव्हतं बाहेर उभं राहायला. मीच त्याचं नाव पुढं केलं. आणि हे कळल्यावर जी शिसारी आली, ती पिशव्यांच्या वासानं आली नव्हती.

आजच्या पिशवीवर तारीख होती. आज बाळंतपण एकच. मी गाठ सोडली. वरचे बोळे बाजूला केले. ती खाली होती, थंड झालेली, जड, नाळेचा तुकडा निळसर. मी दोन्ही हातांनी उचलली. ओकारी येईल असं वाटलं होतं. आली नाही. वजन माझ्या हातांना ओळखीचं वाटलं, भाकरीसाठी मळलेल्या गोळ्याचं असतं तसं.

माझ्याजवळ गाडगं नव्हतं. डबा होता, फराळाचा, स्टीलचा, दोन कप्प्यांचा. भगर अजून खाल्ली नव्हती. ती मी कुंपणाशी गाईपुढं ओतली. डबा नळाखाली धुतला, तळाशी मीठ पसरलं, वर हळद. स्वयंपाकाच्या खोलीत दोन्ही होतं. मग शिवणाच्या पिशवीतून लुगड्याच्या पट्ट्या काढल्या, झबली कापताना उरलेल्या. चांगल्या मऊ पट्ट्या. त्यांत गुंडाळून मी ती डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

सम्मक्काच्या खाटेजवळून जावं लागतं. ती जागी होती. बाळ कुशीत, तोंड उघडं टाकून झोपलेलं.

“अम्मा पोचली असेल?” तिनं विचारलं. “माया पोचली?”

हो म्हटलं असतं तर ती झोपली असती. दोन तासांनी तेच खरंही झालं असतं. पण खोटं तोंडातून निघेना.

“नाई पोचली,” मी म्हणाले. “गाडग्यात दुसरंच भरून देलं, माय. मी त्या वक्ती बाहेर उभी होती. चूक माझी. हे पाह्य, माझ्या हातात आहे. मी घेऊन चालली.”

रागावेल असं वाटलं. तिनं डब्याकडं हात केला. मी डबा खाली धरला, तिनं झाकणावर तळहात ठेवला, जसा बाळाच्या डोक्यावर ठेवतात. मग तेलुगूत काहीतरी पुटपुटली आणि शेवटी मराठीत म्हणाली, “सूर्य बुडायच्या आत, बाई.”

“बुडायच्या आत,” मी म्हणाले.

बाहेर निघाले तेव्हा सुनिलभाऊ व्हरांड्यात होता.

“कुठी निघाल्या ड्यूटी सोडून? डब्यात काय आहे?”

मी आवाज कधी चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. “तुमी भिंतीवर जे लिवलं ते,” मी म्हणाले. “उद्या मी येणार नाई. परवा आली तं आधी शेडच्या दाराले कडी लावीन. डॉक्टरसायबाले सांगून ठेवा.”

तो काही बोलला. मी ऐकलं नाही, तो डब्याकडं बोट करत होता आणि जवळ येत नव्हता. त्याला किळस वाटत होती.

रस्त्यावर जहीरभाई शिडी सायकलला बांधत होते. भिंतीवरचे थुंकीचे डाग बुजवायला त्यांना पुन्हा बोलावलं होतं. “बाई, आज जल्दी?” ते म्हणाले. मी मान हलवली. साडेतीनच्या गाडीला दहा मिनिटं होती. पोचायला पाच वाजतात, आणि या दिवसांत सूर्य साडेपाचला झाडांच्या मागं जातो. पोसक्का तोवर खड्डा खणून बसली असेल, कदाचित गाडगं पुरूनही झालं असेल. मग तिच्यासमोर ते उकरावं लागेल, आणि का ते सांगावं लागेल. गुरुवारचं, सोवळ्याचं, सगळं. ती म्हातारी माझ्या पाया पडली होती. आता मी तिच्या पडेन.

आज घरी दिवा लागणार नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

गाडी आली. मी चढले, खिडकीकडची जागा मिळाली. डबा मांडीवर घेतला, दोन्ही हात त्यावर ठेवले, आणि कंडक्टरला पोसक्काच्या गावाचं नाव सांगितलं.